गिरकीत सापडलेलं विमान सावरतं कसं?

प्रश्न : कोठीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वैमानिकांसाठीचं एक पुस्तक मिळालं. विमान ‘स्पिन’मध्ये गेलं तर नाक खाली असतानाही दांडी पुढे ढकलावी, असं त्यात म्हटलं आहे. समोर जमीन दिसत असताना विमान आणखी खाली लोटायचं? आणि हात सोडून दिले तरी काही विमानं आपोआप सावरतात, हे खरं का?
— एक वाचक, कोठी, हैदराबाद

उत्तर : तुम्ही जिथे अडलात तिथेच शिकाऊ वैमानिक अडतो. मीही अडलो होतो.

विमान होतं सेसना 152. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढंच. इन्स्ट्रक्टरनी सांगितल्याप्रमाणे मी थ्रॉटल मागे घेतला, नाक वर धरून ठेवलं, वेग उतरत गेला. स्टॉलचा भोंगा केविलवाणा वाजायला लागला. योक, म्हणजे तुमच्या पुस्तकातली दांडी, छातीपर्यंत ओढलेलाच होता. डावं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणारं पायाखालचं पेडल, तळापर्यंत दाबलं. डावा पंख निसटला आणि क्षणात क्षितिज गायब झालं. काचेत नुसती जमीन, आणि ती गरगर फिरणारी. उन्हात चमकणारं एक तळं समोरून गेलं, पुन्हा गेलं. त्या तळ्यावरूनच मी फेरे मोजले. माझे हात मात्र आपसूक योक उजवीकडे वळवू पाहत होते, आणि मागेही ओढत होते.

दोन्ही चूक. का, ते सांगतो. समोरून येणाऱ्या हवेशी ठरावीक कोन होईपर्यंतच पंख उचल देतो. साधारण पंधरा-सोळा अंशांपुढे कोन गेला की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते. हाच स्टॉल. त्याच वेळी विमान एका बाजूला वळत असेल तर खाली जाणाऱ्या पंखाचा कोन आणखी वाढतो, तो जास्त स्टॉल होतो आणि जास्त खाली जातो. दुसरा पंख त्या मानाने बरा असतो. या फरकावर विमान भिंगरीसारखं फिरत राहतं. अशा वेळी पडलेला पंख उचलायला योक उलट बाजूला फिरवला तर त्याच पंखाचा कोन अजून वाढतो. योक मागे ओढला तर दोन्ही पंख स्टॉलमध्येच राहतात. दांडी पुढे द्यायची ती कोन कमी करून हवा पुन्हा पंखाला धरावी म्हणून. नाक खाली असूनही वेगाचा काटा खालीच घुटमळत असतो, यावरूनच कळतं की हा सूर नव्हे, स्पिन आहे. सुरात वेग भराभर चढतो.

म्हणून क्रम असा : थ्रॉटल बंद, योक ना डावीकडे ना उजवीकडे, सरळ, फिरण्याच्या उलट बाजूचं रडर पूर्ण, लगेच योक झटक्याने पुढे. फिरणं थांबलं की रडर सरळ आणि मग हळूच नाक वर. त्या दिवशी रडर उलट दाबूनही विमान क्षणभर फिरतच राहिलं. तो क्षण मला फार लांब वाटला. मग तळं समोर येऊन थांबलं.

ही विद्या लोकांनी जिवावर उदार होऊन मिळवली. 25 ऑगस्ट 1912 रोजी इंग्लंडमध्ये वैमानिक विल्फ्रेड पार्क यांचं अॅव्हरो विमान असंच फिरत खाली येऊ लागलं. त्यांनी दांडी मागे ओढून पाहिली, वळणाच्या दिशेचं रडर देऊन पाहिलं. अखेरचा उपाय म्हणून उलट रडर पूर्ण दिलं आणि जमिनीपासून जेमतेम पन्नास फुटांवर विमान सावरलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सेसना 152 सारखी विमानं हात सोडल्यावर पुष्कळदा सावरतात. पण वजन मागच्या बाजूला गेलेलं असेल किंवा फेरे जास्त झाले असतील तर त्यावर विसंबणं धोक्याचं. शेपटीची घडण कशी आहे, फिरताना रडरला मोकळी हवा मिळते का, यावर बरंच ठरतं. शिकाऊ विमान आखणाऱ्याची परीक्षा मला तिथेच दिसते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतल्या गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आले आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-2 हे असंच शिकाऊ विमान आखलं. 1951 साली उडालेल्या त्या विमानावर हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या उडायला शिकल्या.

शेवटी प्रश्न उरतो उंचीचा. एका फेऱ्याच्या स्पिनमधून सावरेपर्यंत सेसना 152 सुमारे हजार फूट गमावतं, म्हणजे एकावर एक ठेवलेले पाच-सहा चारमिनार. जमिनीपासून चार हजार फुटांच्या वरच सगळं आटपावं, असं त्याच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं. हैदराबादेत हे विशेष जपावं लागतं. बेगमपेटची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून 1,742 फुटांवर आहे. म्हणजे तिथे उंचीच्या काट्यावर चार हजार दिसले तरी पायाखाली सव्वादोन हजारच असतात.

आणि उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर तर पाचशेच्या आसपास. धावपट्टीची रेघ चुकली म्हणून घाईने आतलं रडर दाबलं आणि नाक वर ओढलं, की तिथेच पंख निसटू शकतो. तिथे क्रम पाठ असून उपयोग नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही स्पिन दोनदाच केला. उरलेला सगळा वेळ इन्स्ट्रक्टरनी मला उंचावर संथ वळणं घ्यायला लावली. भोंग्याचा पहिला कण्हता सूर आला की योक सैल सोडायचा, पुन्हा वळायचं, पुन्हा ऐकायचं.