आधी भट्टी समजून घ्या, मग डॅशबोर्ड

बारावीनंतर कॉम्प्युटर घ्यावा की पर्यावरण, असा पेच अनेक घरांत पडतो. मोठ्या कंपन्यांत मात्र ही दोन्ही कामे आता एकमेकांत मिसळली आहेत. ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यावसायिक जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. वीज, पाणी, कचरा, कार्बन उत्सर्जन या सगळ्यांचा हिशेब त्यात द्यावा लागतो. युरोपात जाणाऱ्या पोलाद-ॲल्युमिनियमच्या कार्बनवर १ जानेवारी २०२६ पासून शुल्काची जबाबदारीही लागू झाली. इतके आकडे वहीत मावत नाहीत. म्हणून सेन्सर, स्मार्ट मीटर आणि सॉफ्टवेअर आले. पण मीटर वीज मोजतो, वाचवत नाही. भट्टी रिकामी असताना का तापते आहे, हे ओळखून वेळापत्रक बदलणारा माणूस लागतोच. करिअरची खरी संधी तिथे आहे.

‘डिजिटल म्हणजे हरित’ हे समीकरणही तपासून घ्यावे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली. गुगलचे २०२३ मधील उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्के जास्त होते, असे कंपनीचाच अहवाल सांगतो. त्यामुळे यंत्रणा बसवून किती वाचले आणि ती चालवायला किती लागले, ही वजाबाकी करता येणाऱ्यालाच किंमत राहील.

पालकांची शंका रास्त आहे: नियम सैल झाले तर या नोकऱ्या टिकतील? केवळ अहवाल भरण्याच्या नोकऱ्या कदाचित टिकणार नाहीत. त्यातले बरेच काम एआयही करील. परंतु नियम सैल झाले म्हणून वीजबिल कमी होत नाही. म्हणून ‘सस्टेनेबिलिटी’ नाव असलेल्या चकचकीत पदवीमागे धावण्याआधी इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा केमिकलचा पाया पक्का करावा आणि त्यावर एक्सेल, एसक्यूएल, पायथॉन शिकावे. पुढे अनुभव मिळाल्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी ऑडिटर परीक्षा देता येते. वाणिज्य शाखेच्या मुलांनाही दार बंद नाही. कार्बनच्या आकड्यांचीही आता पडताळणी होते आणि ताळेबंद तपासणारी नजर तिथे कामी येते. कॉलेज निवडताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा एक प्रश्न आधी विचारा: विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कारखान्यात किती आठवडे काम करायला मिळते?