घर पाहावे घेण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. ज्या काळी ती रूढ झाली त्या काळी घर बांधायचेच असे; विकत घेण्याचा प्रसंग विरळा. आज आपल्या सभासदांपैकी पुष्कळांना, विशेषतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना, गावातले जुने कौलारू घर घेऊन शांतपणे राहावे असे वाटते. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने म्हणीतला ‘पाहावे’ हा शब्द निराळ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. घर खरोखरच पाहावे, आणि तेही पैसे मोजण्यापूर्वी पाहावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. महोत्सवाच्या स्मरणिकेत असा रुक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही चूक आमच्याच घरात घडली, म्हणून तो निवडला.

१९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि १९ माणसे दगावली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. माझे थोरले बंधू त्या सुमारास घराच्या शोधात होते. त्या दुर्घटनेने त्यांचे मन नव्या बांधकामावरून पार उडाले. “जुन्या लोकांनी बांधलेले घरच खरे,” असे म्हणून त्यांनी केलगेरीत एक जुने घर पसंत केले. दोन हात रुंदीच्या भिंती, सागवानी खांब, पुढे ओसरी, मागे परसू आणि चालत गेले की तळ्याची हवा. वैशाखाचे दिवस होते. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. वकिलांनी कागदपत्रे तपासली. ती चोख होती. फक्त घर कोणीच तपासले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर कर्नाटकात अतिवृष्टी झाली आणि धारवाड जिल्ह्यातही पुष्कळ घरांची पडझड झाली. बंधूंच्या घराची परसाकडची भिंत एका रात्री आत पडली. त्या संध्याकाळी कौलांतून गळू लागले म्हणून वहिनींनी नातवंडांची अंथरुणे माजघरातून ओसरीवर आणली होती, एवढ्यावरच निभावले. पुढे दुरुस्तीत भविष्यनिर्वाह निधीतली उरलीसुरली रक्कम गेली. भिंत उघडी झाल्यावर गवंड्याने दाखविले की, बाहेरून सिमेंटचा गिलावा असलेली ती भिंत आतून निव्वळ मातीची होती आणि तिचा खालचा भाग कित्येक वर्षांपासून ओल धरून होता. ज्या अभियंत्यास पुढे बोलाविले, त्याला हे दोन तासांत कळले. तो चार महिने आधी आला असता तर?

बंधूंचा तर्क असा होता की, इतकी वर्षे उभे आहे त्याअर्थी घर मजबूत आहे, आणि भिंत रुंद आहे त्याअर्थी पक्की आहे. हे दोन्ही तर्क फसवे आहेत. याचा सर्वांत दुःखद दाखला आपल्याला महाराष्ट्राने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसे गेली. तोपर्यंत तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोजला जात असे. तेथील जुन्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट रुंद होत्या. पण त्या मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. भिंतीचे बाहेरचे व आतले असे दोन पदर आणि मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे. धक्का बसताच पदर सुटे झाले आणि वजन माणसांच्या अंगावर आले. उलट जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही छप्पर वर तोलून राहिले. तात्पर्य, घराचे बळ रुंदीत नसून सांधेजोडीत व वजनाच्या वाटणीत असते. ते डोळ्यांना सहज दिसत नाही, शोधावे लागते.

आपल्या भागाची प्रकृतीही ध्यानात घेतली पाहिजे. धारवाड हे मलनाड व मैदान यांच्या सीमेवरचे गाव. पश्चिमेकडे पाऊस अधिक, पूर्वेस नवलगुंदाकडे कमी. पूर्वेकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा पाया दरवर्षी थोडाथोडा हलवते. तांबड्या जमिनीत हा त्रास कमी, पण पाऊस जास्त असल्याने ओलीचा व वाळवीचा त्रास अधिक. म्हणून शेजारच्या गावातले घर टिकले तसे हेही टिकेल, असे धरून चालू नये. प्रत्येक घराची पाहणी स्वतंत्र झाली पाहिजे.

आता ही पाहणी कशी करावी ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट जमिनीची. घराचे जोते रस्त्यापेक्षा उंच आहे काय? जुन्या गावठाणात रस्त्यावर थरावर थर पडून रस्ता वर आला आहे आणि घरे खाली गेली आहेत. मग पावसाचे पाणी उंबऱ्याशी थांबते. परसातले पाणी कोणीकडे वाहते, शेजाऱ्याच्या पागोळ्या कोणाच्या भिंतीवर पडतात, न्हाणीचे पाणी कोठे जिरते आणि शोषखड्डा विहिरीपासून किती दूर आहे, हे पाहावे.

दुसरी गोष्ट भिंतींची. भिंत कशाची आहे हे आधी ठरवावे: दगड-चुन्याची, दगड-मातीची, भाजक्या विटांची की कच्च्या विटांची? रंगावरून ते कळत नाही. विकणाऱ्याच्या संमतीने एखाद्या कोपऱ्यातला गिलावा तळहाताएवढा काढून पाहावा. गिलाव्यावर बोटांनी ठोकावे. बद्द आवाज आला तर तो भिंतीपासून सुटला आहे. खालच्या दोन-तीन फुटांत लोणा लागला आहे काय, रंगाचे पोपडे निघतात काय, हे बघावे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. आमच्या घरी हेच घडले. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की तिने पोट काढले आहे, हे तपासावे. दुपदरी दगडी भिंतीने पोट काढणे हे पदर सुटत चालल्याचे लक्षण आहे.

तडे सर्व सारखे नसतात. केसासारखे बारीक तडे गिलाव्याचे असतात. त्यांना भिऊ नये. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरके निघालेले, बोट शिरेल असे तडे मात्र पाया खचल्याचे सांगतात. तडा जुना होऊन थांबला आहे की अजून वाढतो आहे, हे जाणण्याचा सोपा उपाय आहे. त्याच्यावर गिलाव्याची एक पट्टी आडवी बसवून तारीख घालावी. महिना-दोन महिन्यांत पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे.

तिसरी गोष्ट लाकडाची. तुळई मधोमध कुजत नाही. भिंतीत गेलेली तिची टोके आधी कुजतात, कारण ओल तेथे असते. तेथे टोच्या टोचून पाहावा. सहज आत गेला तर ते लाकूड कामातून गेले. खांबांवर व चौकटींवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी समजावी. पीठ पडत असेल तर भुंगा.

चौथी गोष्ट छपराची. रस्त्यावर उभे राहून आढ्याकडे पाहावे. आढे सरळ रेषेत हवे. मध्ये झोळ आला असेल तर खालचे वासे थकले आहेत. फुटकी मंगळुरी कौले बदलणे हे लहान काम. वासे व रीपा बदलणे हे मोठे. मूळच्या मातीच्या भिंतीवर कोणी मागाहून काँक्रीटची स्लॅब टाकली असेल किंवा मजला चढविला असेल, तर तज्ञाचा सल्ला घेतल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये. कोठे सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ते स्वतः फोडू किंवा कापू नयेत. त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे.

पाचवी गोष्ट विजेची. जुन्या लाकडी पट्टीतील तारा, निकामी अर्थिंग आणि ओली भिंत यांचा योग प्राणघातक होतो. परवानाधारक वायरमनकडून ती तपासून घ्यावी.

हे सर्व आपण स्वतः पाहावे. पण तेवढ्यावर थांबू नये. विसार देण्यापूर्वी जुन्या घरांच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्यास फी देऊन बोलवावे. दलालाने आणलेला माणूस नको. बरोबर एखादा जुना गवंडी व सुतार असला तर उत्तम. बँकेचा मूल्यमापक येऊन गेला, म्हणजे पाहणी झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. तो बँकेच्या कर्जाला घर पुरेसे तारण आहे की नाही हे पाहतो. तुमची भिंत उभी राहील की नाही, हे पाहणे त्याचे काम नव्हे. इंग्लंडात घर घेणाऱ्याने आपला स्वतंत्र सर्व्हेअर नेमण्याची चाल आहे. तेथे पाहणीच्या तीन पायऱ्या आहेत आणि जुन्या घरासाठी सर्वांत सविस्तर पायरी निवडावी असे सांगतात. आपल्याकडे अशी चाल पडलेली नाही, म्हणून ती आपणच पाडावी.

अहवाल तोंडी न घेता लेखी घ्यावा. त्यात प्रत्येक भागाची स्थिती, छायाचित्रे व दुरुस्तीचा अंदाजी खर्च असावा. दुरुस्त्यांची तीन गटांत विभागणी असावी: ताबडतोब करावयाच्या, वर्षभरात करावयाच्या आणि पुढे ढकलता येतील अशा. कोणता भाग पाहता आला नाही, हेही अभियंत्याने स्पष्ट लिहावे. बंद खोली किंवा सामानाने झाकलेली भिंत याविषयी तो गप्प असेल तर ती ठीक आहे असा अर्थ होत नाही. शक्य असेल तर पाहणी पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताच करावी. उन्हाळ्यात घर घेणे भाग असेल तर दोन बरसाती पाहिलेल्या शेजाऱ्याला विचारावे. तो सहसा खरे सांगतो.

कायदा काय म्हणतो, हेही समजून घेऊ. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, निराळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला व घेणाऱ्याला ठाऊक नसलेला मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. परंतु तो दोष असा हवा की, घेणाऱ्याने सामान्य दक्षता बाळगूनही त्याला तो कळला नसता. म्हणजे जो दोष साध्या पाहणीत दिसला असता, त्याबद्दल मागून तक्रार करणे अवघड. जो पाहतो त्याच्याच पाठीशी कायदा उभा राहतो. करारात ‘आहे त्या स्थितीत’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर वकिलांना त्याचा अर्थ विचारून मगच सही करावी.

अहवालात दोष निघाले म्हणजे घर सोडलेच पाहिजे असे नाही. दोष नसलेले जुने घर बहुधा सापडायचे नाही. दुरुस्तीचा आकडा हाती असला तर किंमत ठरविता येते, काम पावसाआधी आटोपता येते, आणि झेपणार नसेल तर मान राखून नाही म्हणता येते. पाहणीची फी ही घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. पण ती देताना आपला हात आखडतो, आणि रंगरंगोटीला मात्र सैल सुटतो.

बंधू आजही त्याच घरात राहतात. परसाकडची भिंत आता भाजक्या विटांची आहे, जोत्याभोवती पाण्याला वाट आहे, आणि घर खरोखरच सुखाचे आहे. केलगेरीत कोणी घर पाहायला आले की ते स्वतः टोच्या व ओळंबा घेऊन सोबत जातात. आपल्या समाजात निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत, कसबी सुतार आहेत. सभासद बंधुभगिनींनी त्यांना विचारण्यास संकोच करू नये, आणि विचारल्यावर त्यांनीही भीड न धरता खरे ते सांगावे. एका कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी, आणि कधी त्याहून मोलाचे काही, अशा एका स्पष्ट शब्दाने वाचू शकते.