मद्यासक्ती : आजार की निवड?

मद्यापासून विरत राहण्याचे पाचवे शील आमच्या विद्यालयात दररोज सकाळच्या वंदनेत उच्चारले जाते. मुले ते तालात, एका स्वरात म्हणतात. मात्र सुटी संपवून वसतिगृहात परतलेल्या काही मुलांना पहिले काही दिवस हा स्वर सापडत नाही. ज्या घरातून ती आलेली असतात, त्या घरात दारू असते. धम्माच्या तासाला त्यांच्यापैकी एखादे मूल धीर करून जो प्रश्न विचारते, तो मोठमोठ्या परिषदांतही अजून सुटलेला नाही. दारू पिणारा माणूस वाईट असतो की आजारी? आजारी असेल, तर त्याने शील मोडले असे कसे म्हणायचे? आणि वाईट असेल, तर औषधाने तो बरा कसा होतो? या प्रश्नाचा विचार आम्ही शिक्षकांनी आपापसांत बराच केला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

प्रारंभी शब्दाकडे पाहू. आज 'व्यसन' म्हणजे वाईट सवय एवढाच अर्थ आपण घेतो. संस्कृत आणि पाली भाषांत या शब्दाचा अर्थ संकट, हानी, ऱ्हास असाही आहे. अंगुत्तर निकायात पाच व्यसने सांगितली आहेत : आप्तांची हानी, संपत्तीची हानी, रोगाने होणारी हानी, शीलाची हानी आणि दृष्टीची हानी. पहिल्या तीन हानींमुळे माणसाची दुर्गती होत नाही, शेवटच्या दोहोंमुळे होते, असे तेथे म्हटले आहे. रोग आणि शीलभंग या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे भान इतके जुने आहे. अडचण अशी की दारूच्या बाबतीत ही पाचही व्यसने एकाच घरात, एकाच माणसाच्या ठायी, एकदमच नांदताना दिसतात. सिगालोवाद सुत्तातही गृहस्थाला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगताना धननाश, कलह, दुष्कीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता यांच्या पंक्तीत रोगाला बसवले आहे. तेथे रोग हा पिण्याचा परिणाम आहे. पिणे हाच रोग, असे तेथे म्हटलेले नाही.

विनयपिटकातील सागत स्थविरांची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. सागतांनी आपल्या ऋद्धिबलाने एका उग्र नागाला नमवले होते. त्यांची कीर्ती कोसंबीला पोहोचली तेव्हा तेथील उपासकांनी श्रद्धेपोटी घरोघरी उंची मद्य सिद्ध ठेवले, आणि भिक्षाटनाला निघालेल्या सागतांनी ते घरोघरी घेतले. नगराच्या वेशीत ते कोसळले. त्यांना उचलून विहारात आणले व तथागतांच्या दिशेने मस्तक करून निजवले, तर ते वळले आणि तथागतांकडे पाय करून पडून राहिले. तथागतांनी भिक्खूंना विचारले, की हा पूर्वी आमच्याशी आदराने वागत असे ना? नागाशी झुंजलेला हा आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल का? त्यानंतर मद्यपान निषिद्ध करणारा नियम घालून देण्यात आला. कथेत सागतांना कोणी संघाबाहेर काढले नाही. पुढे तेजोधातूच्या साधनेत अग्रगण्य म्हणून त्यांचेच नाव घेतले गेले. दुसरीकडे, 'बिचाऱ्याला लोकांनी पाजली' असे म्हणून विषय संपवलाही गेला नाही. पाजणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, पिणाऱ्याची योग्यता मोठी होती, आणि तरीही नियम आला. आमच्या मते या कथेत दारूच्या बळाची जी जाणीव आहे ती अनेक आधुनिक ग्रंथांत नाही.

मद्यासक्तीला आजार म्हणण्याचा वैद्यकातील इतिहास सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये आणि एडिंबरो येथे थॉमस ट्रॉटर यांनी १७८८ च्या प्रबंधात अतिमद्यपानाकडे वैद्याच्या नजरेने पाहिले. १८४९ मध्ये स्वीडनचे मॅग्नस हुस यांनी 'अल्कोहोलिझम' ही संज्ञा रूढ केली. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ उभी राहिली आणि १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या विकाराला आजार मानले. या मतावर ज्यांची छाप सर्वांत मोठी, त्या जेलिनेक यांचे १९४६ चे विवेचन अवघ्या ९८ पुरुषांनी भरून दिलेल्या प्रश्नावलींवर आधारलेले होते, आणि ते सारे त्याच चळवळीचे सदस्य होते. १९६० च्या ग्रंथात जेलिनेक यांनी मद्यपानाचे पाच प्रकार सांगितले व त्यांतील केवळ दोनच खऱ्या अर्थाने आजार असल्याचे म्हटले. ही सावधगिरी पुढे गळून पडली आणि 'दारूडा म्हणजे रोगी' एवढेच सूत्र उरले.

तरी शरीरात काय घडते ते पाहिल्यावर 'सोडायची तर सोडता येते, मनाचा निग्रह हवा' असे म्हणणाऱ्याला थांबावेच लागते. मेंदूत उत्तेजन देणारी आणि शांत करणारी अशा दोन रसायनव्यवस्था परस्परांना तोलून धरतात. दारू शांत करणाऱ्या व्यवस्थेला बळ देते आणि उत्तेजक व्यवस्थेला दाबते. वर्षानुवर्षे रोज दारू पडत राहिली की मेंदू उलट बाजूला वजन टाकून तोल साधतो. मग एके दिवशी दारू अचानक बंद झाली, की ते उलट बाजूचे वजन मोकळे सुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना आकडी येते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होऊन नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. ही अवस्था उपचाराविना जिवावर बेतू शकते. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून 'आजपासून थेंब नाही' असे करणे म्हणूनच धोक्याचे आहे. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली तुटावी लागते, त्यासाठी औषधे व 'ब-१' जीवनसत्त्व द्यावे लागते. ही माहिती आम्ही पालकसभेत मुद्दाम सांगतो, कारण आई आणि आजी यांच्या हातून प्रेमापोटी नेमके हेच घडण्याची शक्यता असते.

आनुवंशिकतेचा भागही नाकारता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकाराकडे असलेल्या कलाचा सुमारे निम्मा वाटा वारशाने येतो असे मानले जाते. १९७३ मध्ये डेन्मार्कमधील एका अभ्यासात, जन्मदात्यापासून लहानपणीच दूर गेलेल्या व दत्तक घरी वाढलेल्या मुलांकडे पाहिले गेले. मद्यासक्त जन्मदात्यांच्या मुलांत हा विकार इतरांच्या तीन-चार पट आढळला.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. १९७३ मध्येच मार्लाट आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही मद्यासक्तांना व्होडका मिसळलेले पेय दिले, काहींना नुसते टॉनिक पाणी. प्रत्येक गटातील अर्ध्यांना खरे सांगितले, अर्ध्यांना खोटे. कोण किती पितो हे ग्लासात खरोखर काय होते यावर ठरले नाही. आपण दारू पीत आहोत अशी ज्याची समजूत होती तो अधिक प्यायला, मग त्याच्या ग्लासात दारूचा थेंब नसला तरी. एक घोट पोटात गेला की शरीरच पुढचा घोट ओढते, हे मत या प्रयोगाने डळमळीत केले. हर्बर्ट फिंगारेट या तत्त्वचिंतकाने १९८८ मध्ये असे पुरावे एकत्र करून आजाराच्या कल्पनेवर कठोर टीका केली. कितीतरी माणसे कोणत्याही उपचाराविना, लग्न, मूल, नोकरी किंवा दीक्षा अशा एखाद्या वळणावर दारू सोडतात, हे तर आपल्या वस्त्यांतही आपण पाहतो. क्षयाच्या जंतूंना मुलीच्या जन्माने काही फरक पडत नाही.

येथे आम्हांला एक शंका सतावते. 'हा काही थोड्या लोकांचा आजार आहे' असे म्हणणे मद्य विकणाऱ्याला फारच सोयीचे आहे. दोष मग बाटलीत राहत नाही, पिणाऱ्याच्या गुणसूत्रांत जातो. त्याचप्रमाणे 'ज्याची त्याची निवड' हे म्हणणेही त्याला तितकेच सोयीचे आहे. दोन्ही पक्ष भांडत राहिले तरी दुकान उघडेच राहते.

निवड या शब्दाचीही झडती घ्यावयास हवी. जो माणूस मुंबईच्या गटारात उतरून हाताने मैला उपसतो, तो उतरण्याआधी पितो. दुर्गंधी सहन व्हावी, किळस मरावी म्हणून पितो. हे काम करणाऱ्या आपल्या माणसांनी हे कितीदा तरी सांगितले आहे. ही निवड आहे का? आहे, पण निवडीआधीची निवड जातीने आणि पोटाने केलेली आहे. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर मजुरीच्या दिवशीच दारूवाला हजर असतो, ही व्यवस्था पिणाऱ्याने निर्माण केलेली नाही.

रा. ग. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. सुधाकराने मोहाने पहिला प्याला घेतला आणि संसार धुळीस मिळाला, एवढेच सार आपण मुलांना सांगतो. नाटकात मात्र आणखी एक गोष्ट आहे. सुधाकर दारू सोडतो. शुद्धीवर येऊन तो नोकरीसाठी दारोदार फिरतो आणि प्रत्येक दारात त्याला 'दारूडा' म्हणून हिणवले जाते. त्यानंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिला प्याला तळीरामाने दिला असेल, पण या दुसऱ्या पतनाला प्रतिष्ठित सद्गृहस्थांचा हातभार आहे. शंभर वर्षे हे नाटक पाहून आपण तळीरामाला ओळखायला शिकलो, त्या सद्गृहस्थांना ओळखायला शिकलो नाही.

आपल्या कायद्यानेही या प्रश्नाचे एकच उत्तर दिलेले नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. म्हणजे उपचार मागणे हा अशा माणसाचा हक्क आहे. पण तोच माणूस स्वेच्छेने पिऊन अपराध करील, तर नशेची सबब फौजदारी कायदा सहसा ऐकत नाही. नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजली गेली असेल तरच सूट मिळते. यात विसंगती आहे असे काही जण म्हणतात. आम्हांला ती दिसत नाही. मधुमेह झालेल्या चालकाला आपण रोगी मानतो, औषध देतो, आणि चक्कर येते हे ठाऊक असूनही उपाशीपोटी गाडी चालवली तर जाबही विचारतो. आजार झाला यात त्याचा दोष किती, हा एक प्रश्न आहे. आजार आहे हे कळल्यावर तो काय करतो, हा दुसरा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्याने सरकारी दारूबंदीला, तिच्यात बुडणाऱ्या महसुलाकडे बोट दाखवून, विरोध केला होता. जो निश्चय माणसाने स्वतः करावयाचा, त्याची जागा पोलिसांचा दंडुका घेऊ शकत नाही, असा त्यातून आम्ही अर्थ घेतो. याविषयी वाचकांचे मत निराळे असू शकेल.

शील हे 'सिक्खापद' आहे, म्हणजे शिकण्याचे पाऊल. ते रोज पुन्हा ग्रहण करावयाचे असते, याचे कारणच हे की माणूस घसरतो. व्यसनमुक्तीचे काम करणारेही दारू सुटली असे न म्हणता आजचा दिवस गेला असे म्हणतात. पुण्यात १९८६ मध्ये अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत औषध, समुपदेशन, दिनचर्या आणि सोडलेल्यांची सोबत हे सारे एकत्र चालते. पिणाऱ्याला तेथे रोगी म्हणून दाखल करून घेतात आणि जबाबदार माणूस म्हणून वागवतात. तात्त्विक वाद तेथे व्यवहारात मिटलेला दिसतो. मात्र अशी दारे थोडी आहेत. केंद्र शासनासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत आणि त्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात.

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही त्याला असे सांगतो : तुझे वडील आजारी आहेत. त्यांनी तुझ्या आईवर उगारलेला हात मात्र आजार नाही, ते चुकीचे कृत्य आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तू परीक्षेत नापास झालास म्हणून ते पीत नाहीत, आणि तू पहिला आलास म्हणून सोडणारही नाहीत. बाटली शोधून ओतून देणे हे तुझे काम नाही. सुटीत घरी हात थरथरताना, आकडी येताना किंवा भलतेसलते दिसत असल्याचे ते बोलताना आढळले, तर शेजाऱ्यांना हाक मार आणि १०८ ला फोन कर. नववी-दहावीच्या मुलांना आम्ही डेन्मार्कचा तो अभ्यासही समजावून देतो. तो ऐकून एकाने विचारले होते, की मग माझेही तसेच होणार का? त्या अभ्यासातील आकडे आम्ही फळ्यावर लिहिले : मद्यासक्त जन्मदात्यांच्या मुलांपैकी १८ टक्क्यांना हा विकार झाला, म्हणजे १०० पैकी ८२ जणांना झाला नाही. त्या मुलाने ८२ हा आकडा वहीत उतरवून घेतला.