छायाप्रत की झेरॉक्स?

गेल्या पावसाळ्यात वाशीमच्या एका कार्यालयाबाहेर एक आजोबा भेटले. अर्जावर छापले होते, 'साक्षांकित छायाप्रत जोडावी.' त्यांनी स्वतःचे छायाचित्र जोडले आणि अर्ज परत आला. मी अर्थ सांगताच ते म्हणाले, "मंग झेराक्स लिवा नं, माय!" त्यांची एक दिवसाची मजुरी मात्र बुडाली होती.

वास्तविक 'छायाप्रत' हा शब्द अन्वर्थक आहे. 1938 साली चेस्टर कार्लसन यांनी अशी पहिली प्रत काढली. उजेड पडला तेथला विद्युत्‌भार गेला. अक्षरांच्या छायेतला टिकला व त्यालाच पूड चिकटली. 'झेरॉक्स' हे कंपनीचे नाव. त्याच्या मुळाशी 'कोरडे' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. तरी आजोबांना कळला तो हाच.

स्कॅनर उजेडानेच कागद टिपतो, पण चित्र संगणकाला देतो. फॅक्स तेच चित्र दूरध्वनीच्या तारेने पाठवतो. प्रिंटरला काहीजण 'मुद्रक' म्हणतात. पण आपल्या या वार्षिकांकावर 'मुद्रक' म्हणून छापखानदाराचे नाव असते. मग कार्यालयातले दहा संगणक एका 'मुद्रका'ला जोडले म्हणावे, तर अर्थाचा अनर्थच!

1960 साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले. 'धनादेश'सारखे शब्द आज सर्वत्र रुळले आहेत. म्हणून परिभाषा नको, असे मी म्हणत नाही. अर्जावर 'छायाप्रत' जरूर असावी; शेजारी 'झेरॉक्स' हा शब्दही असावा. ज्या सामान्य माणसासाठी राज्यकारभार मराठीत आला, त्यालाच ती मराठी परकी वाटू नये, एवढेच मागणे.