परसातले टोमॅटो

टोमॅटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कुठे त्याला टमाटा म्हणतात, कुठे तंबाटे म्हणतात, कुठे बेलवांगे म्हणतात. कालवणात तो लागतो. चटणीत लागतो. पण त्याच्या भावाचा भरवसा नाही. २०२१ साली ऑगस्ट महिन्यात भाव इतका पडला, की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ साली जुलै महिन्यात तोच टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. गरिबाच्या कालवणातून तो नाहीसा झाला.

घरामागे आठ-दहा झाडे असली, तर हंगामात घरापुरते टोमॅटो मिळतात. मात्र झाड निरोगी हवे. आणि झाड निरोगी ठेवणे म्हणजे औषध मारणे नव्हे. आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका मावशींना हे फार कडू अनुभवाने कळले. त्याच मला म्हणाल्या, "गुरुजी, माझं नाव लिवू नका, पण गोष्ट लिवा. दुसऱ्याच्या घरी असं नको व्हायला."

मावशींची गोष्ट

मावशींच्या परसात बारा झाडे होती. रोज सांजच्या वेळी त्या झाडांवर वरून पाणी ओतत. पाने रात्रभर ओली राहत. पुढे खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले. त्यांच्या मुलाला वाटले, कीड लागली. घरात कपाशीवरच्या औषधाचा डबा होता. उरलेले औषध त्याने टोमॅटोवर मारले.

दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या नातवाने एक पिकलेला टोमॅटो तोडला आणि न धुता खाल्ला. थोड्या वेळात पोराला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ गळू लागली. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं होतं? डबा आणलाय का?"

डबा आणला नव्हता. औषधाचे नावही सांगता येईना. घरात कोणालाच वाचता येत नव्हते. मुलगा पुन्हा गावी गेला, डबा घेऊन आला. पोर वाचले. चार दिवस दवाखान्यात होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ते ठिपके बुरशीचे होते. औषध अळी मारण्याचे होते. दुखणे गुडघ्याला आणि लेप कपाळाला! बुरशीला ओल लागते. ती ओल रोज वरून मिळत होती. पाणी बुंध्याशी घातले असते, तर रोग एवढा वाढला नसता.

म्हणून झाड पहिल्यापासून निरोगी कसे ठेवावे, ते पाहू.

जागा

दिवसातून निदान सहा तास ऊन येईल, अशी जागा निवडा. तिथे पाणी साचता कामा नये. गेल्या वर्षी जिथे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटे होते, तिथे यंदा टोमॅटो लावू नका. ही चारही एका कुळातली भावंडे आहेत. एकाचा रोग मातीत राहतो आणि दुसऱ्याला लागतो. त्या जागी मेथी, कोथिंबीर, घेवडा घ्या. दोन-तीन वर्षांनी पुन्हा टोमॅटो लावा.

रोप

घरच्या बागेला हिवाळ्याचे पीक सोपे जाते. भाद्रपद-आश्विनात बी टाका. वाफा जमिनीपेक्षा उंच करा. बी फार खोल पुरू नका. वर बोटाच्या नखाएवढी माती पुरे. साधारण आठवड्यात बी उगवते. पंचवीस-तीस दिवसांत रोप अर्ध्या वितीहून उंच होते. मग ते लावावे.

पाकिटातले बी लाल, निळे किंवा हिरवे रंगवलेले दिसले, तर त्याला औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नका. पेरून झाले, की हात साबणाने धुवा.

लावणी

दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा. दाटी झाली, की वारा खेळत नाही आणि दवाने भिजलेली पाने लवकर वाळत नाहीत. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत घाला. कच्चे शेण घालू नका. खालची दोन पाने काढा आणि रोप तेवढे खोल लावा. देठाला मुळ्या फुटतात आणि झाड घट्ट उभे राहते. लावणी ऊन उतरल्यावर करावी. लगेच काठी रोवावी. झाड वाढेल, तसे चिंधीने काठीला सैल बांधावे.

पाणी

पाणी सकाळी द्या. बुंध्याशी द्या. पानांवर ओतू नका. रोज द्यावे का? मातीला विचारा. दोन पेरे बोट मातीत खुपसा. कोरडे लागले, तर पाणी द्या. ओल लागली, तर थांबा.

आठ दिवस उपास आणि एक दिवस पूर, असे करू नका. त्याने फळे तडकतात. फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. हा डाग रोगाचा नव्हे. पाणी कमी-जास्त झाले, की जमिनीतला चुना फळापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो पडतो.

बुंध्याभोवती वाळलेला पाला पसरा. ओल टिकते आणि माती पानांवर उडत नाही. झाड गुडघाभर झाले, की जमिनीला टेकणारी पाने काढून टाका.

तंबाखूचा हात

तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवू नका. तंबाखूत एक रोग असतो. तो हातावाटे टोमॅटोला लागू शकतो. आधी साबणाने हात धुवा. हे मी स्वतःलाही सांगतो.

रोज एक फेरी

रोज सकाळी झाडांतून एक फेरी मारा. पाने उलटून पाहा.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आणि ठिपक्यांत वर्तुळे दिसली, तर तो करपा. ती पाने तोडा आणि दूर नेऊन पुरा. उकिरड्यावर टाकू नका.

पाने आकसली, वाटीसारखी वळली आणि झाड खुजे राहिले, तर तो बोकड्या. पांढरी माशी हा रोग पसरवते. रोगी झाड औषधाने बरे होत नाही. ते उपटून टाका. एक झाड जाते, पण बाकीची वाचतात.

फळाला भोक दिसले, तर आत अळी आहे. फळ तोडा आणि अळी मारून टाका. कडेने झेंडू लावा. अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो आणि पुष्कळशी अंडी तिथे घालतो.

कीड वाढली, तर निंबोळीचा अर्क करा. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. सांजच्याला फवारा.

डबा वाचा

शेतातले औषध परसात आणू नका. फवारण्याची वेळ आलीच, तर आधी कृषी खात्याच्या माणसाला विचारा आणि डबा वाचा. औषध कोणत्या पिकाचे आहे? कोणत्या रोगाचे किंवा किडीचे आहे? पाण्यात किती घालायचे? फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचे नाही? ही चार उत्तरे मिळाल्याशिवाय झाकण उघडू नका.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजू नका. आणि कोणाला विषबाधा झालीच, तर माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्या.

गेल्या महिन्यात मावशी बियांचे पाकीट घेऊन वर्गात आल्या. पाकिटावर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर लावले. "वि... ष... विष. बी खा... ऊ नये." मग पाकीट मिटून पदराला बांधले. म्हणाल्या, "हे तवा वाचता आलं असतं, गुरुजी!"

यंदा त्यांच्या परसात दहा झाडे आहेत. कोणतेही औषध मारलेले नाही. नातू फळ तोडतो, आजीच्या हातात देतो, आजी ते धुते, मग तो खातो.

आता सांगा

१. मावशींच्या झाडांवर ठिपके कशाने आले?

२. बोकड्या झालेल्या झाडाचे काय करावे?

३. तुमच्या घरातला एक औषधाचा डबा पाहा. त्रिकोणाचा रंग कोणता आहे? जेवढे वाचता येईल, तेवढे वाचा. मग हात साबणाने धुवा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही, अशा जागी ठेवा.