वाकलेल्या अवकाशातील सपाट कडे

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला नववीतील एका विद्यार्थिनीने वहीच्या कागदाची नळी केली आणि तिची दोन्ही तोंडे जुळवून सायकलच्या ट्यूबसारखे कडे करू पाहिले. कागद चुरगळला. "सर, सुरकुती न पडता हे होणारच नाही का?" तिने विचारले. मी इतिहासाचा शिक्षक. "नाही" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अर्धेच होते. माजी विद्यार्थ्यांच्या या स्मरणिकेत उरलेले अर्धे देतो. ते तिच्यापर्यंत पोहोचावे.

पृष्ठभागाची वक्रता त्याच्यावरच राहून केलेल्या मोजमापांवरून ठरवता येते, हे गाउस यांनी 1827 मध्ये दाखवले. नळीवर काढलेल्या छोट्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशच भरते. म्हणून ती वाकलेली दिसली तरी या अर्थाने सपाटच. चेंडूवर ही बेरीज वाढते. ट्यूबचा बाहेरचा घेर मोठा व आतला लहान, त्यामुळे कागद कुठे ताणावा तर कुठे आक्रसावा लागतो. दुसरी युक्तीही चालत नाही. कोणताही बंदिस्त, गुळगुळीत पृष्ठभाग त्याला सामावणाऱ्या लहानात लहान गोलात ठेवला, तर जिथे तो गोलाला आतून टेकतो तिथे निदान त्या गोलाइतका तरी फुगीर असतोच.

परंतु हा निर्बंध आपल्या सरळ अवकाशाचा आहे. रीमान यांच्या 1854 च्या व्याख्यानाचे इंग्रजी भाषांतर करणारे विल्यम क्लिफर्ड यांनी 1873 मध्ये वक्र अवकाशातील सपाट कडे दाखवले. ज्यांच्या वर्गांची बेरीज 1 आहे अशा चार संख्यांनी प्रत्येक बिंदू सांगायचा. असे सर्व बिंदू मिळून एक त्रिमितीय, वक्र अवकाश होते. त्यांपैकी पहिल्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज अर्धी आणि उरलेल्या दोन संख्यांच्याही वर्गांची बेरीज अर्धी, असे बिंदू निवडा. दोन वर्तुळे मिळतात. ट्यूबमध्ये एक दिशा दोन्ही वर्तुळांना वाटून घ्यावी लागते. इथे प्रत्येकाच्या दोन दिशा स्वतंत्र आहेत. एकावर कितीही फिरा, दुसऱ्याचा घेर बदलत नाही. म्हणून सुमारे 4.44 बाजूचा चौरस कागद सुरकुतीविना या कड्यावर नेमका बसतो.

क्लिफर्ड 1879 मध्ये, अवघ्या 33 व्या वर्षी क्षयाने गेले. त्यांचे कडे त्या अवकाशाचे दोन तंतोतंत सारखे भाग करते. त्यांतला आतला कोणता आणि बाहेरचा कोणता, हे सांगता येत नाही.