अंडकोशातील गाठ : साधी की घातक?

आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही, म्हणूनच तो छापावा लागतो. कालगुर्लीसारख्या सोन्याच्या खाणींच्या गावी मुलाकडे राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला आंघोळ करताना तिथे गाठ लागली, तर तो मुलाला सांगत नाही, सुनेला तर नाहीच. मोठी रुग्णालये पर्थला, सुमारे ६०० किलोमीटरवर. मग ‘बघू पुढे’ म्हणत महिने जातात.

आधी रचना पाहू. अंडकोश म्हणजे कातडीची पिशवी. आत दोन वृषण, प्रत्येकाच्या मागे चिकटलेली वेटोळ्यांची नळी म्हणजे अधिवृषण, आणि वर जांघेकडे जाणारी दोरी. गाठ यांपैकी कशात आहे, हाच खरा प्रश्न. वृषणाबाहेरची गाठ बहुधा साधी निघते. वृषणाच्या आतली घट्ट गाठ मात्र, तसे नाही हे ठरेपर्यंत, डॉक्टर कर्करोगच धरून चालतात.

कोकणातल्या आपल्या जुन्या लोकांना अंडवृद्धी ठाऊक आहे. तिच्यात पाणी साठते, आणि अंधारात बॅटरी लावली की पिशवी लालसर उजळते. घट्ट गाठ उजळत नाही. पण उतारवयात नव्याने पाणी साठले, तरी आत काही दडलेले नाही ना, हे सोनोग्राफीने पाहावेच.

साध्या पण दुर्मीळ गाठींत ‘ॲडिनोमॅटॉइड ट्यूमर’ पहिला. तो बहुतेक वेळा अधिवृषणाच्या खालच्या टोकाला, वाटाण्याएवढा किंवा थोडा मोठा, टणक आणि न दुखणारा असतो. तेवढाच काढला की वृषण वाचते आणि गाठ सहसा परत येत नाही. गुळगुळीत स्नायूंची गाठ, म्हणजे लिओमायोमा, हीदेखील निरुपद्रवी. दोरीतली चरबीची गाठ मऊ असते आणि पुष्कळदा हर्नियाच वाटते. मात्र ती मोठी असेल किंवा वाढत असेल तर तपासावी, कारण म्हाताऱ्या माणसांत क्वचित तिथे चरबीचा कर्करोगही होतो. कातडीवरचे जांभळट-लाल ठिपके म्हातारपणी अनेकांना येतात. ते रक्ताळले नाहीत तर काहीच करायला नको.

निदानाची पहिली पायरी म्हणजे सोनोग्राफी. ती दुखत नाही. गाठ वृषणात असेल तर ए.एफ.पी., बीटा एच.सी.जी. आणि एल.डी.एच. या रक्ततपासण्या करतात. एक गोष्ट मी ठासून सांगतो : संशयास्पद गाठीचा तुकडा अंडकोशातून सुई घालून काढायचा नसतो. गाठ कर्करोगाची असली तर त्या वाटेने तो पसरू शकतो. शस्त्रक्रिया जांघेतून करतात. गाठ साधी वाटली, तर ऑपरेशन चालू असतानाच तिचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि साधी ठरल्यास वृषण जागेवर ठेवता येते. हा पर्याय आपल्या बाबतीत शक्य आहे का, असे ऑपरेशनआधीच विचारावे. वय झाले म्हणून वृषण गेले तरी चालेल, हे डॉक्टरांनी परस्पर ठरवायचे नाही.

साठीनंतर वृषणात सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे लिम्फोमा, म्हणून ‘हा तरुणांचा आजार’ असे समजू नये. डाव्या बाजूला नव्याने फुगलेल्या शिरा आडवे पडल्यावरही ओसरत नसतील, तर मूत्रपिंडाचीही तपासणी करून घ्यावी. अचानक जोराची कळ आली तर मात्र त्याच घडीला रुग्णालय गाठावे.

कालगुर्लीत आधी नेहमीच्या जी.पी.कडे जावे, ते सोनोग्राफी लिहून देतात. इंग्रजी अडत असेल, किंवा मुलासमोर बोलायचे नसेल, तर फोनवरचा दुभाषा मागता येतो. सरकारी सेवेचा क्रमांक १३१ ४५०. मराठीसाठी आधी कळवलेले बरे. इथल्या कायम रहिवाशांना तज्ज्ञासाठी शंभर किलोमीटरपलीकडे जावे लागले, तर पॅट्स योजनेतून प्रवासाला व मुक्कामाला ठरावीक अटींवर मदत मिळते. निघण्यापूर्वी अर्ज भरावा. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्यांना मेडिकेअर नसते, त्यांनी आपला विमा आधीच नीट वाचून ठेवावा.